सैल झालेली माशी: जुन्या लष्करी रायफलीच्या फोरसाईटची दुरुस्ती, गोव्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोव्यातलं. रायफलीचे मालक निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. नोकरीत असताना शाळेच्या एनसीसीचं कामही त्यांनीच पाहिलं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. मी एका परवानाधारक शस्त्र दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दुकानात माझ्याआधीपासून असलेले, सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, म्हणून नोकरी करून आलेले एक कारागीर आहेत. त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. या कामात निर्णय दोघांनी मिळून घेतले, आणि दोन ठिकाणी आमचं जमलं नाही. तेही पुढे येईल.

रायफल .२२ ची, पण जात लष्करी. ब्रिटिशांची .३०३ बोअरची लहान ली-एनफिल्ड, म्हणजे नंबर १ मार्क ३, पहिल्या महायुद्धात लाखोंनी बनली. त्यातल्या बऱ्याच रायफली पुढे नवशिक्या जवानांच्या सरावासाठी .२२ मध्ये बदलल्या गेल्या. त्या रूपाला नंबर २ मार्क ४ म्हणतात. बाहेरून तीच रायफल, तेच लाकूड, तेच चार किलोच्या आसपासचं वजन, तोच बोल्ट. आत मात्र बॅरल .२२ ची, फायरिंग पिन रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या) काडतुसासाठी बाजूला सरकवलेली, आणि मॅगझिनची पेटी आतून रिकामी. गोळी एकेक हाताने भरायची आणि रिकामी पुंगळी त्या पेटीत पडू द्यायची. एनसीसीच्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यातली पहिली गोळी अशाच रायफलीतून झाडली. सरांनीही. म्हणून वडिलांच्या पश्चात ही रायफल वारसाहक्काने त्यांच्या परवान्यावर आली तेव्हा त्यांनी ती विकली नाही. .३०३ बोअर सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही; .२२ परवान्यावर ठेवता येतो.

बोल्टच्या दांडीखाली, दस्ता जिथे सुरू होतो त्या लोखंडी कड्यावर १९१८ चा शिक्का आहे. नोज कॅपवर, म्हणजे नळीच्या टोकाशी लाकडावर बसणाऱ्या लोखंडी टोपीवर, नंबर ठोकलेला आहे. हे दोन्ही शिक्के पुढच्या निर्णयांत महत्त्वाचे ठरले.

तक्रार

गोळ्या डावीकडे जायला लागल्या. सुरुवातीला थोड्या, मग एवढ्या की सर मुद्दाम उजवीकडे नेम धरून मारू लागले. त्यांना वाटलं डोळ्यांचा दोष असेल, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. डोळे तपासले, ठीक निघाले. मग क्लबच्या प्रशिक्षकांनी तीच रायफल, त्याच काडतुसांनी मारून पाहिली. त्यांच्याही गोळ्या डावीकडेच. ही एक साधी गोष्ट त्यांनी फार योग्य केली. नेमबाज बदलूनही दोष तसाच राहिला, तर तो रायफलीत आहे हे तिथेच ठरतं. त्यानंतर सरांनी माशीला, म्हणजे नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी उभ्या असलेल्या पात्याला, अंगठ्याने बाजूने रेटलं तेव्हा ती ‘टक’ करून सरकली.

आमच्याकडे येण्याआधी सरांना तीन सल्ले मिळाले होते. पुतण्याने झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडून दिला होता. तो महिनाभरात सुटला. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने ‘वेल्डिंगचे दोन टाके मारतो, जन्मात हलणार नाही’ असं सांगितलं होतं. मुलाचं म्हणणं होतं की त्यावर दुर्बीण बसवून टाकावी, माशीचा प्रश्नच मिटेल. सरांनी वेल्डिंग करून घेतलं नाही हे नशीब.

कायद्याची चौकट आधी

बंदुकीची दुरुस्ती हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये येणारं काम आहे. ते परवान्याशिवाय करता येत नाही, मग काम कितीही किरकोळ असो. लेथवाला, वेल्डर, सायकल दुरुस्तीवाला यांच्याकडे बंदूक नेणं त्या कारागिरालाही अडचणीत आणतं. गोव्यात शेतीच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेली घरं बरीच आहेत, आणि ‘आमच्या गावच्या लोहाराने खिळा बसवून दिला’ हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

दुसरं, बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखखूण पुसणं, घासणं, बदलणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. नोज कॅपवर नंबर असल्यामुळे ती पॉलिश करणं किंवा घासून काळी करणं हा विषयच बाद झाला. सरांनी परवाना दाखवला, रायफल रिकामी करून पिशवीत, बोल्ट वेगळा, अशी आणली. आमच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली आणि मग ती टेबलावर आली.

टेबलावर काय दिसलं

या रायफलीची फोरसाईट, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साईट, दोन सांध्यांवर उभी असते. खालचा भाग म्हणजे बॅरलवर चढवलेला ठोकळा. तो चावी आणि एका आडव्या पिनने बॅरलला धरलेला असतो. त्या ठोकळ्याच्या डोक्यावर आडवी डोव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाच असते, आणि तिच्यात पातं, म्हणजे माशी, बाजूने सरकवून घट्ट बसवलेलं असतं. पातं डावी-उजवीकडे सरकवून नेम जुळवायचा आणि मग ते तिथेच धरून ठेवायचं. दोन्ही बाजूंनी नोज कॅपचे कान त्याला झाकून असतात. लोक ‘माशी हलते’ म्हणतात तेव्हा हलणारी गोष्ट पातं असू शकते, ठोकळा असू शकतो किंवा दोन्ही. पहिलं काम तेच ओळखायचं.

नोज कॅप उतरवली आणि भिंगाखाली पाहिलं. खाचेच्या कडेला लालसर भुकटी साचलेली होती. उस्ताद म्हणाले, गंज. ओल्या कापसाने टिपल्यावर कापूस गुलाबी झाला. गंज असा रंग देत नाही, तो तपकिरी उतरतो. ते कुंकू होतं. दर वर्षी खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा होते, रायफल पाटावर मांडतात, नळीच्या टोकाला कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि फुलाने पाणी शिंपडतात. पूजेनंतर ती कापडी पिशवीत जाऊन कपाटात बसते. ओलं कुंकू त्या बारीक खाचेत वर्षानुवर्षं दबून ओल धरून बसलेलं, आणि त्याच्याखाली मात्र खरा गंज होता. खाचेच्या एका भिंतीवर नखाला लागेल इतका खड्डा पडलेला.

गोंदाचे पांढरे कण ॲसिटोनने निघाले. मग ठोकळ्याच्या पुढच्या तोंडावर आणि पात्याच्या बुडावर, एकमेकांना जुळणारी अशी, अतिशय बारीक उभी रेघ दिसली. कोणा जुन्या आर्मररने नेम जुळवून झाल्यावर छिन्नीने मारलेली खूण. तिचे दोन अर्धे आता जुळत नव्हते. पात्यावरची रेघ उजवीकडे गेलेली होती, अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. खाचेच्या दोन्ही टोकांना पंचचे (टोकदार ठोकणीचे) जुने ठिपकेही होते. म्हणजे सैन्यात असतानाच हे पातं एकदा तरी सैल झालं होतं आणि तेव्हा पंच मारून आवळलं गेलं होतं. ते ठिपके आता झिजून निकामी झालेले.

पात्याखाली ०.०५ मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जेमतेम शिरत होता. मग डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं उपकरण) लावून ठोकळ्यालाच अंगठ्याने ढकललं. काटा हलला. पात्याच्या टोकाशी दोन्ही बाजूंचं मिळून साधारण दीड दशांश मिलिमीटर. म्हणजे दोष दोन सांध्यांत होता, आणि एरवी फक्त पहिला दिसला असता.

एक दशांश मिलिमीटर म्हणजे किती

मागची आणि पुढची साईट यांच्यातलं अंतर या रायफलीवर अर्ध्या मीटरच्या किंचित आत आहे. ५० मीटरवरचं लक्ष्य त्याच्या शंभरपट लांब. त्यामुळे माशी ०.१ मिलिमीटर सरकली की गोळी लक्ष्यावर साधारण १ सेंटिमीटर सरकते. आंतरराष्ट्रीय ५० मीटर रायफल लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरने बाहेर. म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक दशांशाची हालचाल एका रिंगेहून जास्त किंमत घेते. आणि दिशा उलटी: माशी उजवीकडे गेली तर नेम जुळवताना नळी डावीकडे वळते, म्हणून गोळी डावीकडे. खुणेची रेघ उजवीकडे सरकलेली आणि सरांच्या गोळ्या डावीकडे, हे एकमेकांना पक्कं जुळलं.

सरांनी आणलेला जुना कागदही बोलका होता. दहा गोळ्या उभ्या दिशेत साधारण ३० मिलिमीटरमध्ये, आडव्या दिशेत ७० च्या आसपास पसरलेल्या. काडतूस खराब असतं किंवा हात हलत असता तर पसारा दोन्ही दिशांना झाला असता. तो फक्त आडवा होता, म्हणजे आडवं हलणारं काहीतरी शोधायला हवं. कोणी रायफल घेऊन आलं की आम्ही आधी त्यांचा लक्ष्याचा कागद मागतो, तो यासाठी.

पर्याय आणि वाद

वेल्डिंगचा पर्याय एका वाक्यात संपतो: नळीच्या तोंडाजवळ, जिथून गोळी बाहेर पडते त्या कडेपासून बोटभर अंतरावर, इतकी उष्णता कोणीही देऊ नये, आणि एकदा टाका पडला की नेम कधीच जुळवता येत नाही. दुर्बीण बसवायला रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात फिरतो त्या पोलादी भागावर) भोकं पाडून आटे काढावे लागले असते. सरांना ती साईट हवी होती, तीच जी त्यांनी पोरांना शिकवली. तो पर्याय त्यांनीच नाकारला आणि आम्हाला हायसं वाटलं.

झाळण्याचा, म्हणजे सोल्डरचा विचार गंभीरपणे केला. ६३/३७ कथील-शिशाचं मिश्रण १८३ अंशाला वितळतं, तेवढ्याने पोलादाला काही होत नाही, आणि पकड उत्तम. अडचण फ्लक्सची, म्हणजे झाळ धरावी म्हणून आधी लावायच्या रसायनाची, होती. आम्लयुक्त फ्लक्सचा अंश त्या खाचेत राहून गेला तर गोव्याच्या पावसाळ्यात तो आतून गंज चढवणार, आणि तो दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. जून ते सप्टेंबर इथे हवा अशी ओली असते की कपाटातली चप्पल बुरसटते. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या घरातल्या रायफलीला मी कदाचित झाळलं असतं. इथे नाही.

खरा वाद पंचचा होता. उस्ताद म्हणाले, ‘‘अरे, दोन पंच मार ठोकळ्याच्या कडेला, धातू आत दाबला जाईल, पातं आवळेल. पलटणीत आम्ही हेच करायचो, पाच मिनिटांचं काम.’’ त्यांचं चुकीचं नव्हतं. सैन्याच्या आर्मररसाठी ती योग्यच पद्धत. रायफल उद्या हवी असते आणि ठोकळा बिघडला तर स्टोअरमध्ये दुसरा असतो. आमच्यामागे ते स्टोअर नाही. या ठोकळ्याच्या कडा एकदा दाबल्या गेलेल्या होत्याच. पुन्हा दाबल्या, पुढच्या वीस वर्षांत आणखी एकदा दाबल्या, की कड चिरते. मग सगळा ठोकळाच बदलायचा, आणि मिळणार कुठून? मी म्हटलं, ठोकायचंच असेल तर पात्याच्या बुडाला ठोकू, ठोकळ्याला नको. पातं बदलता येतं.

त्यावर उस्तादांनी काढलेला तोडगाच शेवटी पहिला पर्याय ठरला. पात्याखाली पितळेची ०.०५ ची पट्टी घालायची. डोव्हटेलच्या भिंती आत झुकलेल्या असतात, त्यामुळे पातं जरासं उचललं गेलं की ते दोन्ही भिंतींना घट्ट बसतं. न कोणता धातू कापायचा, न दाबायचा. पुढे कोणाला नको असेल तर पट्टी काढून फेकली की रायफल होती तशी. पातं तेवढ्याने वर जातं, त्यामुळे ५० मीटरवर गोळी ५ मिलिमीटर खाली येणार. ती मागच्या साईटने सहज भरून निघते.

पट्टीच्या जोडीला लॉकटाइट, म्हणजे धातूचे सांधे धरून ठेवणारा चिकटा, घ्यायचं ठरलं, आणि त्यातही कोणतं यावर थांबून विचार केला. लाल २७१ काढायला भरपूर उष्णता लागते, ते बाद. निळं २४३ चाललं असतं. पण पट्टीने पकड आधीच आली होती. चिकट्याचं काम फक्त थरथरीने सरकू न देणं आणि फटीत पाणी शिरू न देणं एवढंच होतं. म्हणून जांभळं २२२, सगळ्यात कमी ताकदीचं, जे हातातल्या साध्या अवजाराने सुटतं. .२२ ची बॅरल कितीही मारली तरी त्याच्या १५० अंशांच्या मर्यादेजवळ जात नाही.

काय केलं

पातं पितळी पंचाने हलकेच बाहेर काढलं. खाच पितळी ब्रशने आणि लाकडी काडीने साफ केली. पॉलिश पेपर वापरला नाही, कारण खाच आणखी रुंद झाली असती. गंज तेलात भिजवून, काडीने खरवडून निघाला तेवढाच काढला. खड्डा राहिला. राहू दिला.

मग सगळं ॲसिटोनने दोनदा पुसलं. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नव्वद टक्के अपयश इथेच जन्माला येतं. या प्रकारचा चिकटा हवा बंद झाल्यावर धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. फटीत तेलाचा ओशटपणा राहिला तर तो कडेला घट्ट दिसतो आणि आत ओला राहतो. शंभर वर्षं तेल प्यायलेल्या सांध्यातून तेल एका पुसण्याने जात नाही. पुसून अर्धा तास ठेवलं की खाचेच्या कोपऱ्यात पुन्हा चमक येते, पुन्हा पुसायचं.

पितळेची पट्टी कात्रीने कापली, कडा दगडावर घासून सपाट केल्या. २२२ चा अगदी पातळ हात, पट्टी खाली, पातं वर, आणि पितळी पंचाने एकेक हलका ठोका देत आत. जुनी रेघ जुळली तिथे थांबलो. नेम कुठे जुळेल हे कागदावरून काढता आलं असतं, पण ज्याने ती रेघ मारली त्याच्यावर आधी विश्वास टाकून पाहावा असं दोघांनाही वाटलं. चोवीस तास तसंच ठेवलं.

नवीन रेघ धातूवर मारली नाही. पात्यापासून ठोकळ्यापर्यंत नेलपॉलिशची एक पांढरी रेघ ओढली, सरांच्या नातीकडून आणलेली. पातं केसभर सरकलं तरी ती तुटते आणि लगेच दिसते. नको असेल तेव्हा ॲसिटोनने पुसून टाकता येते.

आता दुसरा सांधा. इथे दुसरा मतभेद झाला. उस्तादांचं म्हणणं होतं, रायफल उघडलीच आहे तर पिनही आत्ताच करून टाकू. मी म्हटलं, आधी एकट्या पात्यावर मारून पाहू; दोन्ही एकदम केलं तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही. सरांना विचारलं. शिक्षकच ते. म्हणाले, ‘‘एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगवहीत मुलांना हेच लिहायला लावलं मी.’’

क्लबच्या रेंजवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, एकाच पेटीतल्या काडतुसांनी सर आणि प्रशिक्षक दोघांनी मारलं. डावीकडे जाणं पूर्ण थांबलं. आडवा पसारा ७० वरून ४५ च्या आसपास आला. आणि कागदावर दोन वेगळे पुंजके पडले, एकमेकांपासून साधारण दीड सेंटिमीटर. डायल गेजवर ठोकळ्याची हालचाल दीड दशांश होती, आणि दीड दशांश म्हणजे ५० मीटरवर दीड सेंटिमीटर. ठोकळा दोन टोकांपैकी कुठेतरी एका टोकाला टेकत होता आणि गोळ्या त्याप्रमाणे दोन घरांत पडत होत्या. इतका स्वच्छ पुरावा या कामात क्वचित मिळतो.

आडवी पिन काढली. मायक्रोमीटरवर ती दोन्ही टोकांना एक माप आणि मधोमध झिजून बारीक. नेहमीचा मार्ग म्हणजे भोकात रीमर फिरवून ते मोठं करायचं आणि जाड पिन घालायची. ते केलं नाही. ती पिन बॅरलच्या अंगाला लागून जाते. रीमर जरासा वाकडा गेला तर खरवडली जाणारी गोष्ट बॅरल असते. म्हणून भोकाला हात न लावता, सिल्व्हर स्टीलच्या सळईतून भोकाच्या मापाची नवी पिन घासून घासून बसवली. तिला पाणी देऊन कडक केलं नाही, मुद्दाम. पुढे कधी झिजायचं झालं तर पिन झिजावी, बॅरल नको. जुनी पिन, गोंदाचे काढलेले कण आणि खाचेतून निघालेली भुकटी एका पिशवीत घालून सरांच्या हवाली केली. जुना भाग मालकाचा असतो.

नोज कॅप परत चढवल्यावर नळीच्या टोकाभोवती कागदाची पट्टी फिरवून पाहिली. पुढचं लाकूड फुगलं आणि कॅप नळीला एका बाजूने रेटू लागली, तर माशी कितीही घट्ट असो, गोळ्या भटकणारच. कागद सगळीकडून मोकळा फिरला.

निकाल

दुसऱ्या चाचणीत आडवा आणि उभा पसारा जवळजवळ सारखा झाला, दोन्हीकडे तिशीच्या आसपास. मधला बिंदू डावी-उजवीकडे लक्ष्याच्या मध्याला इतका जवळ आला की पात्याला पुन्हा हात लावावा लागला नाही. जुन्या रेघेने शब्द पाळला. उंचीचा फरक मागच्या साईटने काढला.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला. दसऱ्याच्या आधी रायफल तपासणीला आली तेव्हा पांढरी रेघ अखंड होती, डायल गेजचा काटा जागचा हलला नाही, खाचेच्या कडेला नवा गंज नव्हता. यातलं श्रेय निम्मं दुरुस्तीचं आणि निम्मं घरात बदललेल्या सवयींचं आहे. कापडी पिशवी गेली, कारण कापड ओल धरतं. रायफल आता बंद कपाटात उघडी उभी असते, खाली सिलिका जेलच्या पुड्या, त्या पावसाळ्यात दर काही दिवसांनी तव्यावर गरम करून परत ठेवायच्या. हात लागला की तेलाच्या फडक्याने पुसणं.

पूजेचं काय करायचं हे आम्ही सुचवायला कचरत होतो. भुकटीचा गुलाबी कापूस दाखवल्यावर काकूंनीच, म्हणजे सरांच्या पत्नीनेच, सांगितलं, ‘‘कुंकू दस्त्याला लावू, लाकडाला काय होतंय. हार पाटाला घालू. आणि पाणी नको, अक्षता पुरे.’’ दोन्ही गोष्टी सांभाळल्या गेल्या.

वेगळं काय करता आलं असतं

दोन सांधे दोन टप्प्यांत केल्यामुळे कारण स्पष्ट कळलं, पण सरांना या वयात रेंजवर एक खेप जास्त पडली. डायल गेजवर ठोकळा हलताना दिसलाच होता. पिनचं काम कधीतरी करावंच लागणार हे त्याच दिवशी ठरलेलं होतं. मालकाला कारणाच्या खात्रीपेक्षा रायफल लवकर हवी असेल, तर उस्तादांचा मार्ग बरोबर ठरला असता. पुढच्या वेळी हा प्रश्न मालकासमोर आधी, चाचणीच्या खर्चासकट, मांडायला हवा.

पट्टीऐवजी जाड बुडाचं दुसरं पातं बसवणं हा पर्याय आम्ही लवकर सोडला, कारण ली-एनफिल्डची पाती वेगवेगळ्या उंचीत येतात आणि योग्य उंचीचं हाताशी नव्हतं. थोडी वाट पाहिली असती तर कदाचित मिळालं असतं, आणि मूळ पातं काढून पिशवीत जपून ठेवता आलं असतं. जी रायफल सतत स्पर्धेत मारली जाते तिच्यासाठी मी आजही तोच मार्ग सुचवेन. पितळ मऊ असतं आणि हजारो गोळ्यांनंतर पट्टी दबते. महिन्यातून एखादा दिवस रेंजवर जाणाऱ्या या रायफलीला पट्टी पुष्कळ वर्षं पुरेल.

घरातला इतिहास आम्ही उशिरा विचारला, भुकटी दिसल्यावर. आता रायफल किंवा बंदूक आली की पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारतो: पावसाळ्यात कुठे ठेवता, पूजेत काय लावता, निवडणुकीच्या वेळी जमा केलेलं शस्त्र परत आल्यावर नीट पाहिलं होतं का, आणि याआधी कोणी काय चिकटवलं किंवा ठोकलं. जमा केलेली शस्त्रं आठवडेच्या आठवडे एकमेकांना टेकून उभी असतात, आणि नळीच्या टोकाला बसलेला धक्का सरळ फोरसाईटवर जातो. या रायफलीच्या नोज कॅपच्या उजव्या कानावर एक ताजा ओरखडा होता. तो केव्हाचा, हे सरांना आठवलं नाही. परत घेताना नोज कॅपचे आणि माशीचे दोन फोटो मोबाइलवर काढून ठेवले असते, तर ठोकळा केव्हापासून हलायला लागला याचा अंदाज तरी बांधता आला असता.